डार्क एनर्जीची आमटी पातळ होतेय का?

नमस्कार मंडळी! मार्च २०२५ पासून 'डार्क एनर्जी बदलतेय, आइनस्टाइन चुकला' छापाचे मथळे तुमच्याही नजरेखालून गेले असतील. चुकला का, ते बघू. पण आधी आमटी.

पाहुणे अचानक वाढले की आपण आमटीत पाणी वाढवतो आणि ती पातळ होते. विश्व पसरतं तेव्हा तारे, वायू, डार्क मॅटर (म्हणजे न दिसणारं द्रव्य) सगळ्यांचं हेच होतं. जागा वाढते, माल तेवढाच. पण १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्यांच्या, मोजमापातून कळलं की विश्वाचं पसरणं मंदावत नाहीये, उलट वेग घेतंय. यामागे जे काही आहे, ती डार्क एनर्जी. तिच्यासाठी सगळ्यात साधं उत्तर म्हणजे लॅम्डा, आइनस्टाइनने १९१७ मध्ये भलत्याच कारणासाठी समीकरणात घातलेला स्थिरांक. ही आमटी अशी की कितीही पाणी ओता, दाटपणा तोच! दाब भागिले ऊर्जेची घनता, या आकड्याला डब्ल्यू म्हणतात. लॅम्डाचा डब्ल्यू बरोब्बर वजा एक. त्याच्या वर गेला तर आमटी पातळ होते, खाली गेला तर दाट. आज एवढा एकच आकडा लक्षात ठेवा.

(पडद्यावर: किट पीकचा फोटो)

ॲरिझोनातल्या या डोंगरावर चार मीटरची मेयॉल दुर्बीण आहे आणि तिच्यावर बसवलंय डेसी नावाचं यंत्र. ५,००० ऑप्टिकल फायबर, प्रत्येकाला स्वतःचा चिमुकला रोबो, जो फायबरचं टोक नेमक्या दीर्घिकेवर नेतो. तीन वर्षांत जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (म्हणजे दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) मोजून झाले.

यात शोधायचं काय? सुरुवातीची ३,८०,००० वर्षं विश्व इतकं तापलेलं होतं की प्रकाश आणि द्रव्य एकमेकांत अडकलेले, आणि त्यातून चक्क ध्वनिलहरी धावत होत्या. मग ते निवलं, प्रकाश सुटला, लहरी जागच्या जागी थिजल्या. तळ्यात दगड टाकावा आणि वर्तुळ पसरता पसरता पाणीच गोठावं, तसं. आजच्या मापाने त्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षं. दीर्घिकांच्या जोड्या या अंतरावर किंचित जास्त सापडतात. फुकटची फूटपट्टीच मिळाली! वेगवेगळ्या काळात ती केवढी दिसते ते मोजलं की विश्व कधी किती पसरलं ते कळतं.

डेसीची मापं, आदिम विश्वाचा सूक्ष्मलहरी प्रकाश आणि सुपरनोव्हा एकत्र केले, तर लॅम्डा नीट बसत नाही. सुपरनोव्हांच्या मापांचे वेगवेगळे संच आहेत, त्यातल्या एकासोबत आजचा डब्ल्यू वजा पाऊणच्या आसपास येतो. म्हणजे आमटी पातळ व्हायला लागलीय.

थांबा, लगेच शेअर करू नका. संच बदलला की खात्री २.८ सिग्मापासून ४.२ सिग्मापर्यंत हलते (सिग्मा जितका जास्त, तितकी हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी), आणि शोध म्हणायला ५ लागतात. ४.२ देणाऱ्या संचाचं कॅलिब्रेशन पुन्हा तपासल्यावर तोही ३.२ वर उतरला. डिसेंबर २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेला आकडेवारीत असाच एक उंचवटा दिसला होता. सिद्धांतवाल्यांनी त्यावर शेकडो पेपर लिहिले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उंचवटा गायब!

तरी सिद्धांतवाले कान टवकारून बसलेत, आणि त्याला कारण आहे. धन लॅम्डाचं विश्व स्ट्रिंग थिअरीतून (कणांऐवजी सूक्ष्म तारा मानणाऱ्या सिद्धांतातून) काढणं महाकर्मकठीण. २००३ मध्ये काचरू, कॅलॉश, लिंडे आणि आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे संदीप त्रिवेदी या चौघा भौतिकशास्त्रज्ञांनी त्याची एक कृती दिली, केकेएलटी. ती खरंच शिजते का, यावर अजून वाद चालू आहे. २०१८ मध्ये स्ट्रिंग थिअरीवाले कुमरून वफा आणि सहकाऱ्यांनी उलट अटकळ मांडली: असं न बदलणाऱ्या लॅम्डाचं विश्व या थिअरीत बसतच नाही, डार्क एनर्जी बदलायलाच हवी.

मग डेसीने त्यांची बाजू घेतली? तेही नाही. हेच आकडे म्हणतात की पूर्वी डब्ल्यू वजा एकच्याही खाली होता. म्हणजे पाणी ओताल तशी आणखी दाट होणारी आमटी! एकच साधं क्षेत्र (म्हणजे सगळ्या अवकाशात भरलेली, बदलू शकणारी राशी) घेऊन वजा एकची ती रेषा ओलांडता येत नाही. त्यासाठी एकाहून जास्त क्षेत्रं आणा, नाहीतर गुरुत्वाकर्षणालाच हात घाला.

मला विचाराल तर मी तूर्त लॅम्डाच्याच बाजूने आहे, कारण मला सुपरनोव्हांवर शंका आहे. त्यांची अंतरं मोजतात कशी आणि चूक कुठे शिरू शकते, ते पुढच्या व्हिडिओत.