पेरणी टक्क्यावर नको, ओलीवर करा

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

पावसाचा अंदाज जाहीर झाला की पारावर एकच प्रश्न असतो, "यंदा किती टक्के?" हा टक्का कशाचा, ते आधी पाहू. जून ते सप्टेंबरमध्ये देशात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. ही १९७१ ते २०२० ची सरासरी. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की हवामान खातं त्याला सर्वसाधारण म्हणतं.

पण हा आकडा अख्ख्या देशाचा. आपला पुणे जिल्हाच घ्या. लोणावळ्याला हंगामात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि बारामती-इंदापूरला वर्षाकाठी जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. मावळातला भातवाला आणि शिरूरचा बाजरीवाला एकाच टक्क्यावर कसे विसंबणार? दौंड-इंदापूरच्या कालव्याखालच्या मंडळींनी तर शिवारातल्या पावसाइतकंच पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांच्या पाणलोटाकडे लक्ष ठेवावं. तिथे पाऊस झाला तर कालव्याला पाणी, आणि त्याच पाण्यावर पुणे शहराचीही तहान.

शिवाय सरासरी भरली तरी मध्ये मोठा खंड पडू शकतो. मृगाची पहिली सर आली की तिफण काढायचा मोह होतो. हात जोडून सांगते, थांबा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल वीतभर खाली उतरल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. दुबार पेरणीत बियाणं जातं, मजुरी जाते आणि हंगामाचे मोलाचे दिवसही जातात.

थांबण्याच्या या दिवसांत घरच्या सोयाबीनची उगवण तपासा. गोणपाट भिजवा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. आठवड्याने उघडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी तीस किलो बियाणं पुरेल. कमी असतील तर त्या मानाने बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर बदला. पेरताना दाणा तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. सोयाबीनला खोल पेरणी सोसत नाही.

पुढे खत-फवारणीचं दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा हवामान खात्याचा कृषी सल्ला ऐकून ठरवा. आणि वीज कडाडू लागली की औत तिथेच सोडा, झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जा.