मालवा मिलपासून कालाकुंडपर्यंत

नमस्कार मंडळी. हा इंदूरचा मालवा मिल चौराहा. आज इथे नुसते गाड्यांचे हॉर्न, पण आमच्या लहानपणी कापडमिलचा भोंगा व्हायचा आणि आजी त्या भोंग्यावरच कणिक मळायला घ्यायची, घड्याळ कोण बघतंय! आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. घरी आले की भुवयांवर कापसाची पांढरी लव, आणि बोलणं इतकं मोठ्यानं की पाहुणे दचकायचे, साच्यांच्या खडखडाटात सगळी उमर गेली ना.

माळवा-निमाडची काळी माती, म्हणजे कापूस होताच. अडचण होती घाटाची, कोळसा आणि मशिनं वर आणायची कशी? इंदूरचे राजे तुकोजीराव होळकर दुसरे, त्यांनी रेल्वेसाठी इंग्रजांना चक्क 1 कोटी रुपये कर्ज दिलं, 101 वर्षांच्या मुदतीनं, साडेचार टक्के व्याजानं! खंडव्याहून रूळ घाट चढून इंदूरला आले, पुढे 1915 ला हुकुमचंद मिल, शिवाय मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी अशा मिल्स.

12 डिसेंबर 1991 ला हुकुमचंद बंद पडली. सुमारे 4800 कामगारांचे थकलेले 224 कोटी रुपये सुटायला डिसेंबर 2023 उजाडला, तोवर कित्येक जण गेलेच होते. पण मिलवाल्यांच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, थांबल्या नाहीत. मिल बंद, पगार बंद, तरी वर्गणी काढून रात्रभर झांक्या निघतात, आखाडे निघतात. मला इंदूरचं सगळ्यात जास्त कौतुक ह्याचंच आहे.

आता त्याच रुळांवरून पुढे चला. सुट्टीला आजोबा आम्हाला मीटरगेजनं पाताळपाणीला न्यायचे, डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी. महूच्या पुढे चोरल नदी जवळजवळ 300 फूट खाली कोसळते. पावसाळ्यात जा, पण रीलसाठी पाण्यात उतरू नका प्लीज, 2011 च्या जुलैत अचानक लोंढा आला आणि पिकनिकला आलेली माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. वेळ असेल तर जानापावचा डोंगरही करा, चंबळ तिथूनच निघते.

2018 पासून ह्या घाटात हेरिटेज ट्रेन सुरू झाली. बोगदे, पूल, खाली दरी, आणि मग कालाकुंड स्टेशन, तिथला पळसाच्या पानातला कलाकंद! आमच्या मीटरगेजच्या दिवसांत आजीला बोगद्यांची भीती, ती कधी आली नाही. आजोबा तिच्यासाठी एक पुडा बांधून घ्यायचे, घरी येईपर्यंत कलाकंद पानाला पार चिकटलेला असायचा, आणि ती पान बोटानं निपटून खायची.