वॉल्डनचा बर्फ

(दृश्य : गोठलेलं तळं, पहाट)

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं कॉन्कर्ड गाव आणि त्याच्या वेशीबाहेरचं हे वॉल्डन तळं. तळ्याला तळच नाही, असं गावकरी सांगायचे. १८४६च्या सुरुवातीला, काठावर राहणाऱ्या हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाने बर्फाला भोकं पाडली, मासेमारीच्या दोरीला दीड पौंडाचा दगड बांधून आत सोडला. १०२ फुटांवर तळ लागला.

(दृश्य : ग्रॅनाइटचे खांब)

या खांबांच्या आत त्याचं घर होतं. १० बाय १५ फूट. खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्यांसाठी रेल्वेवरच्या एका आयरिश मजुराचं खोपट ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतलं. थोरो फळ्या वाहून नेत असताना शेजाऱ्याने धड खिळे खिशात घातले, तेही त्याने लिहून ठेवलंय.

जमीन राल्फ वॉल्डो इमर्सन या विचारवंताची. सत्य कळायला मध्ये धर्मपीठ कशाला, रानात उभं राहून स्वतःच्या मनाचं ऐका, हे इमर्सन १८३६पासून छापून सांगत होता. त्याला अतींद्रियवाद असं जड नाव पडलं. थोरो मात्र कुऱ्हाड उसनी घेऊन रानात राहायलाच आला.

(दृश्य : बर्फतोडणीची जुनी चित्रं)

ही चित्रं वॉल्डनची नाहीत. काम असंच चालायचं. १८४६-४७च्या हिवाळ्यात केंब्रिजहून रोज शंभर आयरिश मजूर यायचे. आधी घोड्याच्या नांगराने बर्फावर चौकटी आखायच्या, मग करवत, मग पहार. सुटलेल्या लाद्या काठावर ओढायच्या, घोडे जुंपलेल्या कप्पीने वर चढवायच्या आणि पिठाच्या पिंपांसारख्या एकावर एक रचायच्या. चांगल्या दिवशी हजार टन निघायचा. ढीग एका बाजूने ३५ फूट उंच. सुरुवातीला तो निळ्या किल्ल्यासारखा दिसायचा, असं थोरो म्हणतो. फटींत गवत कोंबलं, त्यावर दहिवर गोठलं, तेव्हा शेवाळलेल्या पडक्या गढीसारखा.

अमेरिकेचा बर्फ तेव्हा भुशात बांधून जहाजाने मुंबई-कलकत्त्याला जात होता. थोरो सकाळी भगवद्गीता वाचायचा. उकाड्याने हैराण झालेली मुंबईची माणसं माझ्याच विहिरीचं पाणी पितात, असं त्याने लिहून टाकलं. तळं त्याच्याही मालकीचं नव्हतं, पण विकायला काढलं होतं दुसऱ्यांनी.

(दृश्य : थोरोच्या घराची प्रतिकृती)

याच मुक्कामात, कर न भरल्यामुळे त्याने एक रात्र तुरुंगात काढली. त्यावरचा निबंध पुढे गांधीजींनी वाचला. वॉल्डनवरचं त्याचं पुस्तक मराठीत आणलं दुर्गा भागवतांनी. आणीबाणीत त्याही तुरुंगात गेल्या.

(दृश्य : वितळता काठ)

त्या ढिगाचं छप्पर पुढच्या जुलैत निघालं. थोडा बर्फ गेला, बाकीचा उन्हात तसाच राहिला. तो पुरता वितळायला सप्टेंबर १८४८ उजाडला. बहुतेक सगळं पाणी तळ्यात परत आलं.