एक चमचा साखर

नमस्कार मंडळी. माईक जरा खरखरतोय, चालवून घ्या. खांबाआड बसलेल्यांनी पुढं या, आज कुणाचं रक्त काढणार नाही, मधुमेहावर बोलणार आहे.

टेबलावर दोन वस्तू आहेत. एक चहाचा चमचा आणि एक तंगुसाचा तुकडा, मासे धरायच्या गरीला बांधतात तसला. तंगूस नंतर. आधी चमचा.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर शंभराच्या आत हवी म्हणतो, ते शंभर म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅम. करा हिशेब. सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम, हा एक चमचा भरून. 126 किंवा वर गेली आणि पुन्हा तपासून तशीच निघाली, की आम्ही मधुमेह म्हणतो. म्हणजे वाढली किती, तर जेमतेम पाव चमचा! त्या पाव चमच्यासाठी डॉक्टर तुमचं डोकं खातो.

आता दुपारचं ताट बघा. भरपूर शीत, वर हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी. तेवढ्या भातातून साठ-सत्तर ग्रॅम साखर सुटते. चमच्याला जागा एकाची आणि दारात बारा-चौदा उभे. तरी निरोगी माणसाची साखर दोन-तीन तासांत पूर्वीच्या जागी येते. जाते कुठं?

खाजन शेतं, खाडीकाठची बांध घातलेली, तुम्ही पाहिली आहेत. बांधाला मानस असते, पाणी अडवायची-सोडायची चौकट. ओहोटी लागली की तिची दारं उघडतात, शेतातलं पावसाचं पाणी बाहेर पडतं. समजा दारात गाळ बसला. पाऊस नेहमीएवढाच पडला, पण शेत बुडालं. आपण पावसाला शिव्या देतो. रक्तातल्या साखरेचं तसंच आहे. ती मुख्यतः स्नायूंत जायची असते, थोडी यकृतात. स्नायूंत चारेकशे ग्रॅम मावते, यकृतात शंभरेक. स्नायूंची दारं उघडायला सांगतं ते इन्सुलिन, आणि ते स्वादुपिंडात तयार होतं. पोट सुटतं, यकृतात आणि स्नायूंत चरबी साठते, तो आपला गाळ. दारं नीट उघडेनाशी होतात. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडतं, वर्षानुवर्षं सोडत राहतं, आणि एक दिवस त्यालाच झेपेनासं होतं. रिपोर्टात साखर दिसते ती तेव्हा. गाळ दहा वर्षांपूर्वीपासून बसत असू शकतो.

मागे एक काकी तावातावानं आल्या. ‘‘रात्री नुसती पेज घेतली हो, तरी सकाळी दीडशे! तुमचं मशीनच खोटं.’’ मशीन खरं होतं. आपण झोपतो, पण मेंदूला रात्रभर साखर लागते, ती यकृत पुरवतं. ‘आता पुरे’ हे यकृताला सांगणारंही इन्सुलिनच. यकृत ऐकेनासं झालं की ते पहाटेपर्यंत साखर सोडत राहतं. त्यात पहाटे शरीराला जागं करणारी संप्रेरकं भर घालतात. काकींनी पुढच्या आठवड्यात पेजही सोडली. आकडा हलला नाही, आणि घरच्यांवर मात्र रोज चिडचिड.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, पाहणीचे आकडे 2023 साली आले. देशात प्रौढांमध्ये मधुमेह 11.4 टक्के, गोव्यात 26.4. सगळ्या राज्यांत वर. चौघांत एक! ह्या मंडपातली माणसं मनातल्या मनात मोजा. पुष्कळांना वाटतं, आम्ही उकडे तांदूळ खातो, कोंड्याची पोळी, म्हणजे कोंडा लावलेला पाव, खातो, आम्हाला काय होणार. उकड्या भातानं साखर थोडी सावकाश चढते, खरं आहे, पण ताटात डोंगर असला तर सावकाश चढून चढायची तेवढी चढतेच. आणि पोळीवर वरून कोंडा भुरभुरलेला असतो. आतलं पीठ कसलं, ते एकदा आपल्या पोदेराला, पाववाल्याला, विचारा. माझ्या पोदेराला मी विचारलं. तो हसला आणि सायकलवर बसून गेला.

ह्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. स्नायू हालचाल करत असले, की त्यांची दारं इन्सुलिनच्या हाकेवाचूनही उघडतात. म्हणून जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायला सांगतो. दुपारची झोप सोडा असं मी सांगत नाही, तसं सांगितलं तर गोव्यात माझ्याकडे एक पेशंट उरणार नाही. अंगणात फेऱ्या घाला, मग खुशाल आडवे व्हा. ह्याच्या जोरावर औषधं मात्र आपली आपण बंद करायची नाहीत. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याला दरदरून घाम आला, हातपाय कापले, तर साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. साखर वाढल्याचा धोका वर्षांनी मोजायचा, उतरल्याचा मिनिटांनी.

आता तंगूस. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा बधिरतात, आणि बहुतेकदा सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. एक गृहस्थ जत्रेच्या दिवशी भर दुपारी देवळाच्या अंगणात अनवाणी फिरले. फरशी तव्यासारखी तापलेली, बाकीचे सावली शोधत उड्या मारत होते. हे शांतपणे रांगेत. रात्री मुलीनं पाहिलं, दोन्ही तळव्यांना फोड. माझ्याकडे आले ते खुशीत, ‘‘डॉक्टर, दुखत अजिबात नाही.’’

तपासायला आमच्याकडे अशीच, पण मोजून केलेली नायलॉनची तार असते. तळव्यावर टेकवायची आणि ती वाकेपर्यंत दाबायची. वाकते तेव्हा बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. तो कळला नाही, तर त्या पायाला खडा टोचलेलाही कळणार नाही. हा तंगूस फक्त कल्पना येण्यापुरता, खरी तार माझ्या पिशवीत आहे.

पहिल्या रांगेतले काका, या. चपला बाहेरच राहिल्यात, बरंच झालं. पाय ह्या स्टुलावर. डोळे मिटा, आणि लागलं की ‘हो’ म्हणा.

काका?