काळा डाग दिसला की समजावं

साबणाच्या या फुग्याच्या माथ्यावरची नजर हलवू नका. गुलाबी-हिरवे पट्टे खाली सरकतायत. वर आधी सोनेरी छटा, मग पांढुरकी, आणि आता काळा डाग. भोक पडल्यासारखं वाटतं. पण पापुद्रा तिथेही शाबूत आहे.

हे रंग साबणाचे नाहीत. थोडा प्रकाश पापुद्र्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा आतल्या. दोन्ही एकमेकांत मिसळले की काही रंग उजळतात, काही पुसले जातात. कुठले, ते जाडी ठरवते. पाणी खाली ओघळतं, माथा झिजतो. बाहेरून परतणारा तरंग उलटा होऊन येतो, आतला सरळच. जाडी 30 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) खाली गेली की दोघं एकमेकांना जवळजवळ मिटवून टाकतात. उरतो काळा रंग.

एवढा पातळ पापुद्रा टिकतो कसा? साबण पाण्याला बळकट करतो, असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात तो पाण्याचा पृष्ठताण साधारण एक तृतीयांशावर आणतो. खरी करामत पुढे आहे. पापुद्रा एखाद्या जागी ताणला गेला की तिथले साबणाचे रेणू विरळ होतात, तिथला ताण वाढतो आणि तो आजूबाजूचं पाणी ओढून घेतो. विरत चाललेलं कापड स्वतःलाच रफू करतं म्हणा ना. इटलीच्या कार्लो मारांगोनींच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

आता एका नळीच्या दोन टोकांना दोन फुगे, एक मोठा, एक लहान. मधली चावी उघडली तर दोघं सारखे होतील? बघा. लहानगा आक्रसतोय आणि मोठा फुगतोय! फुगा जितका लहान, तितका आतला दाब जास्त.

फुगे एकमेकांना चिकटले की तीन पापुद्रे नेहमी 120 अंशांत भेटतात. हे नियम मांडणारं बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांचं पुस्तक 1873 सालचं. तेव्हा त्यांची दृष्टी जाऊन तीसेक वर्षं झाली होती. प्रयोग बघायचे इतरांनी, अर्थ लावायचा त्यांनी.

पुन्हा त्या पहिल्या फुग्याकडे येऊ. ओलं बोट आरपार जातं, काही होत नाही. कोरडं टेकवलं, की संपलं. मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या, जाडीच्या पापुद्र्यात भोकाची कड सेकंदाला सुमारे 7 मीटर वेगाने मागे पळते. डोळ्यांना नुसतं 'फट्' दिसतं. कॅमेऱ्याचा वेग वाढवून टिपलं, की दिसतं: अर्धा फुगा गायब, आणि उरलेला अर्धा अजून तसाच गोल. त्याला बातमीच पोचलेली नाही.