दोन सुया आणि मोकळे कान

श्रोतेहो, नमस्कार. आत्ता हे ऐकताना तुमच्यापैकी काहींच्या हातात सुया असतील, अशी मला दाट शंका आहे. रेडिओ आणि लोकर यांचं छान जमतं. विणताना हात गुंतलेले, डोळ्यांचं काम अधूनमधूनच, कान मात्र मोकळे. टीव्हीपुढे तसं होत नाही; मान वर गेली की टाका सुटलाच!

आपल्या हवेत, निफाडकर सोडले तर, स्वेटर लागतो तरी किती दिवस? तरीही विणलं जातं, कारण विणणारीला विणणंच हवं असतं. मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट. स्वेटरची खालची पट्टी असो की बाळाचं टोपडं, जवळजवळ सगळं या दोघांच्या अदलाबदलीतून होतं. एकदा हात बसला की विचार करावा लागत नाही, पण अगदी विसरूनही चालत नाही. मन निवतं ते या अर्ध्या लक्षामुळे, असं मला वाटतं. म्हणून वेण्यांची अवघड नक्षी दमून आल्यावर हातात घेऊ नये. तिथे मोजण्यातच जीव जातो.

मनात चिडचिड असली की धागा आवळला जातो, टाके सुईवरून सरकता सरकत नाहीत. काही ओळींनंतर तेच टाके सैलावतात. नीट पाहिलंत तर विणीत तो पट्टा वेगळा दिसतो. नको वाटला तर ओढा धागा आणि उसवा! बिघडलं ते सगळं उलगडून पुन्हा गुंडा करता येतो, ही या कामातली मोठी सोय. उसवलेल्या लोकरीला वळ्या पडतात. लडी करून कोमट पाण्यात बुडवली आणि वाळवली की ती बरीचशी सरळ होते.

नवशिक्यांनी, आणि यात पुरुषही आले बरं का, स्वेटरच्या नादी लागू नये. मफलर घ्या. आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १० नंबरची ३.२५, १२ नंबरची २.७५. सुरुवातीला ८ नंबर बरा. प्रत्येक ओळ सुलटच विणा. एक सुलट, एक उलट अशा ओळी घेतल्यात तर कडा आत वळतात आणि मफलरची सुरळी होते. आणि शेवटी टाके बंद करताना हात सैल ठेवा, नाहीतर ते टोक आवळून बसेल.