सापडलेलं अंडं घरी उबवायचं का?

मार्च उजाडला की हा प्रश्न येतोच. ऊस तुटून गेलेल्या रानात पोरांना टिटवीची अंडी दिसतात, मातकट, काळे ठिपके, ढेकळात ढेकूळ वाटावं अशी, आणि त्यातलं एखादं घरी येतं. मग बुटाच्या खोक्यात कापूस, वर बल्ब, आणि मला विचारतात, पिल्लू निघेल का हो सर? बहुतेक नाही निघणार. आणि निघालंच तर खरी पंचाईत तिथनं पुढं सुरू होते.

कोंबडीचं अंडं घ्या. मशीनमध्ये साधारण ३७.५ अंश, २१ दिवस, आणि दिवसातनं अनेकदा फिरवायचं, नाहीतर आतला जीव पापुद्र्याला चिकटून बसतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातनं पाणी उडतं आणि ते ठराविक उडायलाच लागतं, कारण तेवढ्या जागेत हवेची पोकळी होते आणि कवच फोडायच्या आधी पिल्लू पहिला श्वास तिथंच घेतं. आता बल्ब काय करतो, एक बाजू भाजतो, हवा कोरडी पाडतो, आणि रात्री लाईट गेली की संपलंच.

टिटवी काय करते माहितीय? भर उन्हात जमीन तापते तेव्हा तिला ऊब द्यायची नसते, अंडी गार ठेवायची असतात. मग ती पाटावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते. नर-मादी दोघं आळीपाळीनं. कोल्हापुरात कळंब्याकडं, राजाराम तलावाकडं कुणी जात असाल तर लांबनं दुर्बिणीनं बघा, बघण्यासारखं आहे हे, खरंच.

लोक म्हणतात अंडं गार लागलं म्हणून उचललं. अहो, बरेच पक्षी सगळी अंडी घालून झाल्यावरच नीट बसायला लागतात, तोवर ती गारच असतात आणि जिवंत असतात. हात लागला की वासानं पक्षी टाकून देतो हेही खरं नाही, म्हणजे उचललं असेल तर आजच्या आज त्याच जागी ठेवून या. पण परत परत बघायला जाऊ नका, आपल्या मागं कावळा येतो.

आणि पिल्लू निघालं तर? बुलबुलाचं असेल तर उघडं, डोळे मिटलेलं, उजाडल्यापासनं अंधार पडेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं किडे भरवायचे, नोकरी-शाळा सांभाळून कोण करणार? टिटवीचं पिल्लू जन्मतः पळतं, स्वतः टिपून खातं, पण आईनं ओरडून सांगितलं की जमिनीला चिकटून दडायचं हे त्याला खोक्यात कोण शिकवणार? प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेंझनं १९३५ मध्येच हंसाच्या पिल्लांवर लिहून ठेवलंय, पहिल्यांदा जो हलताना दिसतो त्यालाच ती आई मानतात.

शिवाय १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात रानपक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं हे शिकारीतच धरलंय.

तर शेतकरी मंडळींना एकच विनंती, टिटवी साधारण महिनाभरात अंड्यांवरनं उठते, तेवढे दिवस तिच्या भोवतीची चार हात जागा सोडून ट्रॅक्टरचा रोटर फिरवा, थोडं बाजूला काठी रोवून ड्रायव्हरला आधीच दाखवा. झाडावरनं घरटं पडलं असेल तर टोपलीत घालून त्याच झाडाला बांधा. आणि जखमी पक्षी असेल तर वन विभागाचा १९२६ नंबर लावा.